राहू देण्याची कारणं

कार्तिक लागला की भुकूमला आमच्या इमारतीच्या मागून एक वास येतो. कापलेलं भात ऊन खात शेतात आडवं पडलेलं असतं, त्याचा. थोडा गोडसर, थोडा धुळीचा, आणि त्यात जमिनीत मुरलेल्या पाण्याचा गारवा. मागच्या अंगाला आता भाताचं एकच खाचर उरलं आहे. बाकी सगळीकडे आमच्यासारख्यांची घरं उभी राहिली. शेजारच्या वहिनी खिडक्या लावून घेतात, म्हणतात कुणीतरी कचरा पेटवलाय. मी मात्र चहाचा कप घेऊन मागच्या गॅलरीत जाते. चहा निवतो, आणि मी लवळ्यावरून, नांद्यावरून, चांदे गावी मंदाकाकूंच्या बांधावर जाऊन पोचलेली असते.

मंदाकाकू आणि दत्तूकाका हे माझे पहिले घरमालक. दोन हजार चार साली हिंजवडीत नोकरी लागली, तेव्हा त्यांच्या घरावरची नवी खोली मी भाड्याने घेतली. मी अंबाजोगाईकडची. आमचा ज्वारीचा मुलूख. भात सणाला, पाहुण्याला, नाहीतर आजाऱ्याला. त्यामुळे दारापासून थेट ओढ्यापर्यंत नुसतं भातच उभं असलेलं पाहिलं तेव्हा कुणाच्या तरी घरी फार मोठं लग्न असावं असंच मला वाटलं होतं. काकांची दोन खाचरं होती. वरचं रस्त्याला लागून, खालचं ओढ्याकाठी. मधे उंबराचं झाड, आणि त्याच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला म्हसोबा.

नोकरी दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याची. दिवसभर चुका शोधून माणूस जरा तिरसट होतो. माझा जीव रमायचा तो दुसऱ्याच उद्योगात. इंटरनेटवर एक मंडळ होतं. देशोदेशीचे वीसेक लोक, आणि आम्ही सगळे मिळून एक जग लिहीत होतो. पृथ्वी हीच, डोंगर, नद्या, समुद्र सगळे जागच्या जागी. फक्त इतिहास वेगळा. आमच्या जगात फिरंगी गलबतं आफ्रिकेला वळसा घालून इकडे आलीच नव्हती. मग पुढे काय झालं असतं, ते ज्याने त्याने आपापल्या वाट्याच्या देशापुरतं लिहायचं. माझ्या वाट्याला कोकण आणि दख्खन. मी तिथे बंदरांचा एक गणसंघ वसवला, चौलला राजधानी केली, आरमार बांधलं. खरा समुद्र मी तोवर एकदाच पाहिला होता, तोही ऑफिसच्या सहलीत, गुडघाभर पाण्यात उभी राहून.

इंटरनेट यायचं ते काकांच्या टेलिफोनमधून. ओसरीतल्या फोनची तार खिडकीतून वर माझ्या खोलीत आणली होती. मी पहाटे उठून जोडणी लावायचे, तेव्हा तिकडे अमेरिकेत संध्याकाळ असायची. यंत्र आधी कर्कश किंचाळायचं, मग खरखरायचं. काकू खाली चूल पेटवता पेटवता म्हणायच्या, "उठलं गं तुजं कोंबडं." रविवारी दुपारी मात्र फोन मोकळा ठेवावा लागे, पौडला दिलेली त्यांची लेक शोभा तेव्हा फोन करी.

हे काय चाललंय असं काकूंनी एकदा विचारलं. मी सांगितलं, आम्ही सगळे मिळून एक खोटं जग लिहितो. त्यात देश आहेत, राजे आहेत, लढाया, तह, सगळं आहे. काकूंनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, खोटं हाय तर सकाळच्या पारी एवढ्या रागात का टकटक करतीस? मी त्या दिवशी खरंच रागात होते. आणि त्या रागाचं कारण होतं एक बेट.

त्या बेटाचं नाव लुमाई. दक्षिणेच्या महासागरात, आमच्या व्यापाराच्या वाटेवर नेमकं मधोमध. माझ्या गणसंघाच्या जहाजांना कोळसा-पाणी घ्यायला, वादळात आसरा घ्यायला आणि उत्तरेकडच्या साम्राज्यावर नजर ठेवायला तिथे एक आरमारी तळ हवा होता. पण लुमाई आमच्या मंडळातल्या मातेओच्या वाट्याची होती, आणि मंडळाचा नियम होता की दुसऱ्याच्या भूमीत पाय ठेवायचा तर कारणांचं पान लिहायचं. तुला तिथे का जायचं आहे एवढं लिहून भागत नसे. त्यांनी तुला का राहू द्यावं, हे लिहायला लागे. आणि ते त्या देशाच्या माणसाला पटावं लागे. मार्गारेट नावाच्या एक निवृत्त ग्रंथपाल बाई कॅनडातल्या कुठल्याशा गारठलेल्या गावातून हे मंडळ चालवायच्या, आणि या एका नियमापुढे त्या कुणाचंही ऐकत नसत.

मी लांबलचक पान लिहिलं. चाचे आहेत, वादळं आहेत, उत्तरेचं साम्राज्य आज ना उद्या लुमाई गिळणारच आहे, आमचा तळ असला तर ते धजावणार नाही. मातेओचं उत्तर दोन ओळींचं होतं. त्याने लिहिलं, यात चौलची सगळी कारणं आली आहेत, लुमाईचं एकही दिसत नाही. मग मी दुसरं पान लिहिलं. धक्का बांधून देऊ, रस्ता करू, दवाखाना, शाळा, बेटावरच्या तरुणांना काम. त्यावर तो म्हणाला, हे तर सगळेच देतात.

माझ्या हातचा खेळ कुणीतरी अडवून धरतंय असं मला वाटत होतं. खोट्या बेटावरच्या खोट्या लोकांची याला एवढी काळजी कशाला? मंडळ सोडून द्यावं असंही मनात आलं. खाली खाचरं पिवळी होत चालली होती. सकाळी दव इतकं पडायचं की लोंब्या वाकून एकमेकींना टेकायच्या. काका रोज एक लोंबी चोळून दाणा दाताखाली धरून बघत आणि थुंकून म्हणत, अजून वाईच दम.

त्याच आठवड्यात वरच्या खाचरासाठी कंपनीचा माणूस आला.

जवळच कुठेतरी मोठ्या इमारतींचं काम सुरू व्हायचं होतं. मजुरांची वस्ती उभी करायला आणि सिमेंट कालवायचं यंत्र ठेवायला त्यांना रस्त्यालगतची जागा हवी होती, तीन वर्षांच्या कराराने. माणूस नम्र होता. बूट बाहेर काढून ओसरीवर मांडी घालून बसला, पुण्याच्या स्वच्छ मराठीत बोलला. काकांनी मलाही बसवून घेतलं, शिकलेली पोरगी म्हणून. तो म्हणाला, भाडं तर आहेच, पण तुमच्या दारापर्यंतचा रस्ता पक्का करून देऊ, विजेचा खांब येईल, घरात कुणी तरुण असेल तर कामाला लावू. आणि दुसऱ्या कुणी ही जागा घेण्यापेक्षा आम्ही बरे, आम्ही जाणारी माणसं आहोत.

मी चहाचा कप तोंडाशी धरून बसले होते. रस्ता, काम, शिवाय दुसरा कुणी वाईट येईल याची भीती. दवाखाना-शाळा सोडली तर माझी दोन्ही पानं तो शब्दाला शब्द म्हणत होता. मला हसू येत होतं आणि बरंही वाटत नव्हतं.

काकांना द्यायचं होतं. गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते, आणि दोन खाचरांची लावणी-कापणी आता दोघांच्यानं होत नव्हती.  काकूंनी कपबश्या उचलल्या, आत गेल्या. बाहेर येऊन दारालाच उभ्या राहिल्या आणि एकेक सांगत गेल्या. यंदाचं भात निघाल्याबिगार कुणी पाऊल टाकायचं न्हाई. उंबर तोडायचा न्हाई. म्हसोबाला नैवेद्य न्यायची वाट उघडी ऱ्हायली पायजे, कुंपन घाला न्हाईतर काय बी घाला. माणूस मान डोलवत होता. मग काकू थांबल्या आणि म्हणाल्या, "आन् तितं बाया असत्याल. त्यास्नी पान्याला वड्यावर धाडू नका. नळ द्या."

माणूस गोंधळला. अशी अट त्याने ऐकली नसावी. काका म्हणाले, अगं ती कंपनीची मानसं, त्यांचं ती बघतील. काकू म्हणाल्या, आपल्या रानात ऱ्हानार म्हंजी आपल्याला बी बघावं लागंल.

दुसऱ्या दिवशी पहाटे कोंबडं आरवलं आणि मी तिसरं पान लिहिलं. गणसंघाचं आरमार बेटावरचं उभं पीक पदरात पडल्याशिवाय नांगर टाकणार नाही. बेटाच्या देवाचं टेकाड तळाच्या कुंपणात येईल, पण वर्षातून एकदा फाटक सताड उघडं राहील आणि पहारेकरी हत्यारं खाली ठेवतील. ही झाली चौलवरची बंधनं. मग लुमाईच्या बाजूने लुमाईवरच एक अट घातली: तळावरच्या खलाशांना आजारपणात गावच्या झऱ्याचं पाणी मिळेल, ती जबाबदारी बेटाची. कारण आपल्या भूमीत राहिलेल्या माणसाचं आपल्यालाही बघावं लागतं.

मातेओचं या वेळचं उत्तर मोठं आलं. त्याने आधी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? आणि मग, कुणी न विचारता, स्वतःचं सांगितलं. तो स्वतः एका बेटावर वाढला होता, नकाशात भिंग घेऊन शोधावं एवढ्या. त्याच्या लहानपणी तिथे खरोखरीचा परदेशी तळ होता. वडील तळाच्या धुलाईखान्यात कामाला. संध्याकाळी त्यांच्या हातांना साबणाचा वास यायचा, आणि घरात पाव यायचा तो तळाच्या भट्टीतला. तसा पाव पुढे कुठेच खाल्ला नाही, असं त्याने लिहिलं होतं. शनिवारी तळावर पडद्यावरचा सिनेमा बेटावरच्या मुलांना फुकट दाखवायचे. आणि त्याच्या आईचा सुरणाचा मळा त्या कुंपणाच्या आत गेला होता. लागवडीचे दिवस आले की ती कुंपणाशी जाऊन उभी राही. रडायची नाही, भांडायची नाही. नुसती उभी राही, आणि मग घरी येऊन त्याच भट्टीतला पाव मुलांना कापून देई. त्याने लिहिलं होतं, हे दोन्ही खरं आहे. लोक येतात ते यातलं एकच काहीतरी ऐकायला. तू दोन्ही लिहिणार असशील तर ये.

मी उत्तर दिलं की हे मला माझ्या घरमालकीणबाईंनी शिकवलं, आणि ओसरीवरची सगळी हकीकत कळवली. त्यावर त्याने लुमाईच्या पानावर एक नवी नोंद घातली. बेटाच्या परराष्ट्रमंत्री म्हणून मंदा नावाच्या एक बाई नेमल्या. त्या कठोर आहेत, तहाच्या वाटाघाटी ओसरीवर करतात, पाहुण्याला चहा देतात. मार्गारेटबाईंनी शिक्का मारला. मी खाली जाऊन काकूंना सांगितलं. त्या सुपात तांदूळ पाखडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मंग गाडी धाडा म्हनावं."

मातेओची मात्र अजून एक अट उरली होती. तळ येण्याच्या पानाबरोबरच तळ जाण्याचं पानही आत्ताच लिहायचं. कसे जाल, काय मागे ठेवाल, जमीन कशी करून द्याल. ते पान मार्गारेटबाईंकडे राहील, आणि आमच्या जगातली तेवढी वर्षं सरली की उघडलं जाईल. मी त्या हिवाळ्यात ते लिहिलं. येण्याची कारणं मला भराभरा सुचली होती. जाण्याचं लिहिताना बोटं अडखळत होती, कारण मला ते कुठे माहीत होतं? मी तर नुकतीच आले होते.

तोवर वरच्या खाचरातलं भात कापून झालं होतं. कापणीच्या दिवसांत सुट्टीच्या दिवशी मीही उतरले. विळा मला ज्वारीचा ठाऊक. ज्वारीचं ताट कसं, खटकन तुटतं. भाताची मूठ धरावी तर ती मऊ, आणि पात्यांना धार अशी की बोटांवर बारीक रेघा उठतात, त्या संध्याकाळी आमटीत हात गेला की कळतात. खळं शेणानं सारवलेलं. फळी तिरकी लावून तिच्यावर पेंढी आपटायची. पहिल्या दोन तडाख्यांत दाणे पावसासारखे उडतात, मग एकेक हट्टी दाणा उरतो. काका म्हणायचे, हट्टी दाना पाखराचा. तेवढा सोडायचा. आजही कुठे झोडणीचा तो धप् धप् आवाज कानावर आला की माझ्या नाकात आधी कूस जाते, कुसळाची धूळ, आणि मग शिंक येते.

पौषात पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. नळ आला. बिहार, बंगाल, ओडिशाकडची माणसं आली. पहिले काही दिवस काकू खिडकीतून नुसत्या बघत. मग त्यांच्या तोंडी हिंदी यायला लागलं, आणि ते हिंदी म्हणजे मराठीच, फक्त जरा मोठ्या आवाजात. पूर्णिमा त्यातली. बंगालमधल्या मालद्याकडची, नवऱ्यासोबत आलेली, बांधकामावर विटा वाहणारी. ओढ्यातले लहान मासे मोहरी वाटून करायची. पहिल्यांदा तिने वाटीभर आणून दिले तेव्हा काकूंनी वास घेऊन वाटी बाजूला ठेवली, आणि दुपारी ती रिकामी झाली.

पुढच्या कार्तिकात खालच्या खाचरात कापणी लागली तशी पूर्णिमा कामावरून सुटून न बोलावता बांधावरून उतरली. पदर खोचला, पडलेला विळा उचलला आणि ओळीत उभी राहिली. तिचा हात सवयीचा. ती भातवाल्या मुलखातली होती. काकूंनी कंबर सरळ करून तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि हसून म्हणाल्या, "ही बग, कुटनं आली ती. आन् तू हितली असून बोटं कापून घेतीस." मी हितली नाही असं म्हणणार होते. म्हटलं नाही. चांद्यात मी हितली ठरतेय हे ऐकायला बरं वाटलं.

त्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षीही तिघींनी मिळून कापलं. पूर्णिमा कापताना काहीतरी गुणगुणायची, शब्द आम्हाला कळायचे नाहीत. काकू तिच्याकडून भात रात्रभर पाण्यात ठेवून आंबवायला शिकल्या, आणि तिला तांदळाची भाकरी थापायला शिकवली, जी तिची कधीही गोल झाली नाही. रात्रंदिवस सिमेंटच्या यंत्राची घरघर चाले, पावसाळ्यात वस्तीतलं घाण पाणी बांध फोडून खालच्या खाचरात येई, आणि काकू त्या नळावर जाऊन मुकादमाशी कडाकडा भांडून येत. भांडण आटोपून परतताना पूर्णिमाच्या दारात बसून पान खात. मातेओ म्हणाला होता तसं, दोन्ही खरं होतं.

इमारती पुऱ्या झाल्या आणि वस्ती एका दिवसात उठली. ट्रक आले, पत्रे उचकटले, भांडी, बाजली, दोरीवरचे ओले कपडे तसेच पिळून पिशव्यांत गेले. पूर्णिमा काकूंच्या पाया पडली. पुढचं काम कुठे हे तिलाही धड माहीत नव्हतं, कुणी नागपूर म्हणत होतं, कुणी हैदराबाद. ट्रक वळणावर गेला तरी काकू दारातच होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र बंद, भांड्यांचा आवाज नाही, नळावरची भांडणं नाहीत. काका खूश होते. म्हणाले, आता झोप लागंल. काकूंनी भाकऱ्या केल्या, आणि टोपलीकडे बघून मला म्हणाल्या, "सुनिता, लई सुनं लागतंय गं. आपुनच म्हनत हुतो, कधी जात्यात."

आमच्या जगातली वर्षंही त्याच सुमाराला सरत आली होती. मार्गारेटबाईंनी माझं जुनं पान उघडलं. शिस्तीत लिहिलेलं होतं. निशाण उतरलं, किल्ल्या दिल्या, धक्का बेटाला सोडला, जहाजं पश्चिमेकडे गेली. त्याखाली मातेओने लुमाईच्या बाजूने, तळ गेल्याच्या दुसऱ्या दिवसाचं पान जोडलं. त्यात फटाके नव्हते, भाषणं नव्हती. एक बाई होती, जिने आयुष्यभर खलाशांचे सदरे धुतले. ती सवयीने पहाटे उठते, पाणी तापवते, आणि मग तिला आठवतं की धुवायला काही नाही. ती फाटकातून आत जाते. तिथे कुणी अडवत नाही. तिच्या आईच्या मळ्याची जागा कुठली, हे तिला ओळखू येत नाही. ती ऊन वर येईपर्यंत तिथे फिरत राहते, आणि पाणी घरी निवून जातं.

मी ते पान ऑफिसला जायच्या गडबडीत वाचलं आणि ऑफिसला उशिरा पोचले. संध्याकाळी काकूंना मराठीत सांगितलं.  काकूंनी विचारलं, त्याची आई हाय का अजून? मी मातेओला विचारून घेतलं. होती. कुंपण गेलं तेव्हा मळ्याच्या जागी डांबर होतं, ते फोडून तिने कडेच्या पट्टीत पुन्हा सुरण लावला होता. काकू म्हणाल्या, "मंग आपुन बी लावू."

वरच्या खाचरातून खडी, लोखंडाचे तुकडे, गोण्यांतच गोठलेलं सिमेंट काढायला सगळा उन्हाळा गेला. कंपनीने जमीन सपाट करून दिली होती, कराराप्रमाणे. पण सपाट आणि जिवंत यांत फरक असतो हे पहिल्या पावसात कळलं. पाणी मुरेना. भात आलं ते पिवळं, वीतभर. काकांनी गाळ ओढून आणला, शेणखत टाकलं. पुढच्या वर्षी गुडघ्याएवढं आलं. त्या वर्षी माझं लग्न ठरलं आणि मी भुकूमला राहायला आले. मंडळही हळूहळू विरळ झालं. कुणाला मुलं झाली, कुणाला नोकऱ्या. मातेओ अजून अधूनमधून लिहितो. मंत्रीणबाई कशा आहेत, असं विचारतो.

मागच्या रविवारी वास आला आणि मी गॅलरीत उभी न राहता सरळ चांद्याला गेले. खालच्या खाचरात कापणी चालली होती. ओढ्याला अजून पाणी होतं, बगळे मागे मागे फिरत होते. काका बांधावर बसलेले. आता त्यांना वाकता येत नाही. मी चप्पल काढून उतरले. काकूंनी विळा दिला नाही. म्हणाल्या, तू पेंढ्या बांध, बोटं ऱ्हाऊ दे.

थोड्या वेळाने रस्त्यावर मोटारसायकल थांबली आणि एक तरुण बांधावरून जपून चालत आला. जवळच नवं काम निघतंय. वरची जागा पूर्वी दिली होतीत असं कळलं. या वेळी त्यांना खालची हवी होती, ओढ्याच्या पाण्याजवळची. तो काकांच्या शेजारी उकिडवा बसला आणि सांगू लागला. रस्ता, वीज, पाण्याची पाइपलाइन. जाताना माती परीक्षण करून, नवी माती घालून देऊ. आधीच्यांनी काय केलं ते आम्ही करणार नाही. चांगलं बोलत होता, आणि मला वाटतं खरंही बोलत होता. काका ऐकत होते. मधेच गुडघा चोळत होते. शेवटी त्यांनी काकूंकडे पाहून म्हटलं, ह्यांचं म्हननं वाईट न्हाई. आपल्याच्यानं आता कुटं हुतंय.

मी हातातली पेंढी धरून उभी होते. काकांचं खरं होतं, ते मला नाकारता येत नव्हतं.

काकू म्हणाल्या, "न्हाई."

तरुण उठून त्यांच्या जवळ गेला. म्हणाला, काकू, तुमची काही अडचण असेल ती सांगा. झाड असो, देव असो, वाट असो, आपण सगळं लिहून घेऊ. त्याच्या बोलण्यात चिडचिड नव्हती. काकूंनी कंबरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. ओढ्याकडे पाहिलं, बगळ्यांकडे पाहिलं.

"अडचन कसली," त्या म्हणाल्या. "मला हितं आवडतं."

तो वाट पाहत राहिला. वाक्य अजून पुरं व्हायचं आहे असं समजून माणूस थांबतो, तसा. मीही थांबले. माझ्या डोक्यात सवयीने त्यांच्या वतीने कारणं गोळा व्हायला लागली होती: घरापुरतं धान्य, बिघडलेली वरची जमीन, काकांना बसायला सावली. आमच्या त्या जगात इतकी वर्षं इतक्या लोकांनी येण्याची, राहण्याची, हाकलण्याची पानंच्या पानं लिहिली. एवढं साधं कुणी कधी लिहिल्याचं मला आठवेना.

काकू वाकल्या. विळा पुन्हा भातातून सर्र सर्र चालू लागला. तरुण काकांना नमस्कार करून बांधावरून परत गेला. काका हसायला लागले, आवाज न करता, खांदे हलवत. मग काठी टेकत उठले आणि सावलीतली पाण्याची कळशी आमच्याजवळ आणून ठेवली.

मी पेंढी बांधली ती उचलताना सुटली. काकूंनी मागे वळूनही न बघता सांगितलं, पीळ दे अजून, आन् गाठ खाली घाल.